हे नाणं मी पाडलं

दामूभाऊ नाणं हातात घेतलं की आधी त्याची कडा बघत. छापा नाही, काटा नाही, कडा. चिमटीत धरून ते नाणं डोळ्यांपुढे आडवं फिरवायचे आणि मग कुठे त्यावर काय लिहिलंय ते वाचायचे. दहाच्या नाण्यालाही तोच मान आणि कुणी शेतात सापडलेलं जुनं तांब्याचं नाणं आणलं तर त्यालाही तोच. "तोंडाला रंगरंगोटी समदेच करत्यात," ते म्हणायचे, "कडेकडं कुणी ध्यान देत न्हाई. खरं काय ते तितं घावतं."

वडगाव मावळात तहसील कचेरीच्या समोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दामूभाऊ तिथे पहिल्यांदा आले ते हयातीचा दाखला काढायला. पेन्शनर माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं मशीनवर बोट टेकवून सिद्ध करावं लागतं. त्यांचा अंगठा मशीन काही केल्या घेईना. पुसून झाला, तेल लावून झालं, दुसरा अंगठा झाला. मागे रांग वाढत होती आणि हा सडपातळ, पांढऱ्या शर्टातला म्हातारा अगदी शांत उभा होता.

"छत्तीस वर्सं देहूरोडच्या मिलिट्री डेपोत कानस मारली, ताई," ते म्हणाले. "लोखांड झिजवलं, त्येच्यासंगं बोटं बी झिजली. मशीनचं काय चुकलं न्हाई."

शेवटी डाव्या हाताची करंगळी मशीनला पटली. "म्हंजी करंगळीपुरता जित्ता हाय मी," असं म्हणून ते असे खळखळून हसले की रांगेतले वैतागलेले लोकही हसायला लागले. त्या दिवसापासून शनिवारी टाकव्याहून बाजाराला आले की माझ्या दुकानातल्या बाकावर तासभर बसायचे, पेपर वाचायचे आणि चहा स्वतःच्या पैशांनी मागवायचे.

डेपोच्या टूलरूममध्ये त्यांचं काम ठसे आणि साचे बनवायचं. निवृत्त झाल्यावर हात शांत बसेनात. टाकवे बुद्रुकला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी भंगारातून आणलेला हँडप्रेस बसवला. त्यांच्या वडिलांना नांगरताना एक शिवराई सापडली होती, म्हणजे शिवकाळातलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ते समोर ठेवून, भिंग लावून, दामूभाऊंनी दोन महिने खपून पोलादाचे दोन ठसे कोरले आणि तांब्याच्या चकत्यांवर तशीच नाणी पाडायला सुरुवात केली. लोहगडावर येणाऱ्या पोरांना मळवलीच्या एका टपरीवर ती वीस-वीस रुपयांना मिळत. कुणी किल्लीला अडकवी, कुणी गळ्यात घाली. दामूभाऊ खूश होते.

पुढे पुण्याचा एक व्यापारी टाकव्याला येऊ लागला. शाळांच्या प्रदर्शनांना पाठवायचीत म्हणून शंभर-शंभर नाणी घेऊन जायचा. "चकाकी नको, काका. कडा जरा वेडीवाकडी ठेवा, जुनी दिसली पाहिजेत," असं सांगायचा. दामूभाऊंना यात वावगं काही दिसलं नाही. उलट नाण्याच्या कडेची पारख असलेला माणूस भेटला याचाच त्यांना आनंद झाला.

एका शनिवारी माझ्या दुकानात शशिकला सिस्टर आल्या. लोणावळ्याच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. तहसीलमध्ये उताऱ्याचं काम होतं, ते आटपून त्यांनी मोबाइलमधले दोन फोटो मोठे करून छापून मागितले. दोन्ही फोटोंत शिवराई होती.

"यातलं एक मी घेतलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऑनलाइन लिलावात. अठरा हजारांना. दुसरं त्याच विक्रेत्यानं या महिन्यात लावलंय. आता हे बघा." त्यांनी नखाने दाखवलं. दोन्ही नाण्यांवर 'छ'च्या पोटातून केसाएवढी एक रेघ गेली होती, अगदी सारखी.

मग त्यांनी पर्समधून प्लास्टिकच्या डबीतलं नाणं काढलं, सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. "पस्तीस वर्षं ड्यूटी केली. पहिल्यांदाच काहीतरी निव्वळ मला हवं म्हणून घेतलं हो," एवढंच बोलल्या आणि पदर सारखा करत राहिल्या.

बाकावरून दामूभाऊ उठून आले. "बगू का?" असं विचारून त्यांनी डबी उघडली, नाणं आडवं धरून कडा फिरवली आणि तसेच थांबले.

"हे माजं हाय," ते म्हणाले.

सिस्टर दचकल्या. "म्हणजे तुमच्याकडून चोरीला गेलं होतं?"

"न्हाई, न्हाई. मी पाडलंय. ती रेघ हाय का न्हाई, ती माज्या ठशाला तडा गेलाय त्येची. नवा ठसा कराया आळस केला म्या." त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात त्यांचंच एक नाणं होतं. 'छ'च्या पोटात तीच रेघ.

मी त्या विक्रेत्याचं पान संगणकावर उघडलं. एक नाही, चौदा नाणी होती. कुणाला माती फासलेली, कुणाला हिरवा गंज चढवलेला आणि प्रत्येकाचा इतिहास वेगळा. एक म्हणे एका सरदाराच्या घराण्यातलं, एक विहिरीत सापडलेलं. त्यातल्या एकावर तेव्हाच बोली चालू होती. आम्ही तिघं बघत असताना आकडा नऊ हजारांवरून अकरावर गेला, मग साडेबारावर. दामूभाऊंचा चेहरा मला वाचता येईना. सिस्टर पाणी प्यायला बाहेर गेल्या तेव्हा ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "ताई, खोटं बोलत न्हाई. लाज वाटाया पायजे, आन वाटती बी. पन पोटात गुदगुल्या व्हत्यात. एवढं झ्याक पडलंय व्हय ते?" लगेच स्वतःच्याच गालावर त्यांनी हलकेच चापट मारली.

सिस्टर आत आल्यावर दामूभाऊंनी खुर्ची ओढली. "ताई, लिवा. 'हे नाणं मी पाडलं.' तितनं सुरू करा."

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, की उद्या कुणी म्हणेल, तुम्हीच त्या व्यापाऱ्याला सामील. चौकशी लागेल. त्यांच्या मुलाला फोन केला तर तो तिकडून ओरडलाच, "आबा, कशाला नसतं लचांड गळ्यात घेताय? तुमी इकलंय का ते? गप बसा." दामूभाऊंनी फोन कानापासून लांब धरला, तो बोलून थकेपर्यंत. मग म्हणाले, "आरं, त्या बाई कागद दावत्याल, समोरचा बी कागद दावंल. ठसा माज्यापाशी हाय. त्यो बोलल्याबिगर त्यांचं खरं कोन मानणार?"

मी टाइप करत गेले. त्यांनी प्रत्येक वाक्य दोनदा वाचायला लावलं. 'नकली नाणं' असं मी लिहिलं होतं, ते त्यांना पटलं नाही. तिथे 'प्रदर्शनासाठी केलेली प्रतिकृती' हवं होतं. "मी नकली काम केलेलं न्हाई," एवढं एकदाच ते कडक आवाजात बोलले.

सोमवारी ते दोन्ही ठसे फडक्यात गुंडाळून घेऊन आले आणि सिस्टरांबरोबर पोलीस ठाण्यात गेले. मीही दुकान बंद करून गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "आजोबा, बनवलंय तुम्हीच आणि तक्रारही तुमचीच?"

"व्हय साहेब," दामूभाऊ म्हणाले. "मी पाडलं तवा ते खोटं नव्हतं. त्यांनी इकलं तवा खोटं झालं."

साहेबांनी शिपायाला चहा सांगितला. तडा गेलेला ठसा त्यांनी स्वतः टेबलावरच्या मऊ मेणात दाबून पाहिला. रेघ उमटली.

त्या अर्जाची प्रत आणि ठशांचे फोटो आम्ही लिलाव चालवणाऱ्यांना पाठवले. दीड महिना गेला. सिस्टरांचे पैसे परत आले आणि ती चौदाच्या चौदा नाणी पानावरून गेली. व्यापाऱ्याचा फोन कायमचा बंद झाला. पुढे दुसऱ्याच नावाने कुठेतरी तशीच नाणी दिसली, असं सिस्टर सांगत होत्या. सगळं काही मिटलं असं मी म्हणणार नाही. पण त्या नाण्यांत रेघेचं एकही नव्हतं. कारण ठाण्यातून परत मिळाल्यावर दामूभाऊंनी तो ठसा ऐरणीवर ठेवून घणाने फोडला होता. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी म्हणत होत्या, दोन महिने खपून केलाय, ठेवा आठवण म्हणून. त्यांनी ऐकलं नाही.

नवा ठसा कोरला, त्यात 'छत्रपति'च्या खाली 'नक्कल' असं ठसठशीत लिहिलं. मळवलीचा टपरीवाला कुरकुरला, की असलं कोण घेणार? पहिले काही महिने खरंच कुणी घेतलं नाही. मग एका शाळेच्या बाईंनी सहलीच्या मुलांसाठी साठ घेतली. नक्कल लिहिलंय म्हणूनच घेते, म्हणाल्या. दामूभाऊंनी मला ते तीन वेळा सांगितलं.

लिलाववाल्यांनी खोटं नाणं परत मागवलंच नाही. सिस्टरांनी ते घरच्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि खाली चिठ्ठी लावली: 'दामूभाऊ, टाकवे बुद्रुक'. प्रमाणपत्र मात्र फाडून टाकलं. त्या दोघांची चांगलीच गट्टी जमली. पुढे दर शनिवारी सिस्टर लोकलने वडगावला यायच्या आणि माझ्या बाकावर दोघं बसायची. कुणी ना कुणी जुनं नाणं घेऊन यायचंच. मोबाइलवर बघितलेलं असायचं, की अमुक चित्राचं पाचचं नाणं लाखांना जातं. एकदा एक सूनबाई आली. तिचं नाणं पाच लाखांना घ्यायला फोनवर एक जण तयार होता, फक्त आधी नोंदणीचे साडेतीन हजार भरायचे होते. ती ते पाठवायलाच माझ्याकडे आली होती.

दामूभाऊंनी कडा बघितली, नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. "पोरी, इकतीस तू, आन पैसं बी तूच देयाचं? आसला बाजार कुटं बगितलास?" ती हिरमुसली. तेव्हा सिस्टरांनी तिला जवळ बसवलं आणि स्वतःची अठरा हजारांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. जी गोष्ट त्या घरीसुद्धा सांगू शकल्या नव्हत्या, ती आता बाजाराच्या दिवशी चारचौघांत हसत सांगत होत्या.

दामूभाऊ जाऊन आता दोन वर्षं होतील. सकाळी बुद्धविहारातून येऊन अंगणात खुर्चीवर बसले होते, तसेच गेले. दुखणं नाही, दवाखाना नाही. त्यांची आठवण निघाली की मला मात्र त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातला नातीच्या नामकरणाचा दिवस दिसतो.

अंगणात मांडव होता. आतून इंद्रायणी तांदळाच्या भाताचा वास येत होता. वंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं गेलं आणि दामूभाऊ एक ताट घेऊन पाहुण्यांत फिरू लागले. ताटात तांब्याची नवी कोरी नाणी होती. मी एक उचललं. ना राजाचं नाव, ना 'छत्रपति'. एका बाजूला भाताची लोंबी, दाणा न् दाणा मोजता यावा अशी. दुसऱ्या बाजूला 'टाकवे बुद्रुक', आणि त्याखाली नातीचं नाव.

"हे कशावरनं काढलं?" मी विचारलं.

"कशावरनं न्हाई," ते म्हणाले. "छत्तीस वर्सं डेपोनं दिलेल्या कागदावरनं काम केलं. मागनं शिवराईवरनं केलं. हे माजं मीच काढलं. बांधावर बसून."

सिस्टरांनी आपलं नाणं आडवं धरून कडा बघितली, अगदी त्यांच्यासारखी, आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काय किंमत लावायची याची?"

"जेवल्याबिगर जायाचं न्हाई," दामूभाऊ म्हणाले, आणि ताट घेऊन पुढच्या पाहुण्यांकडे गेले.