आईने बंद केलेला तलाव

रेडिएशनचे निम्मे शेक झाले आणि माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी रेडिएशन थांबवलं. पेशी वाढल्याशिवाय पुढचे शेक नाहीत, आणि शेक अर्धवट राहिले तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मी वरठीजवळ माहेरी येऊन पडले.

पेशी हाडांच्या मज्जेत तयार होतात आणि प्लीहेत, मानेतल्या-काखेतल्या लसिका ग्रंथींत जाऊन वस्ती करतात. शेकाने ती वस्तीच उठली होती; नवी बसायला काही आठवडे लागणार होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी भीतीने माझ्या डोक्यात काही शिरेना. आईला मात्र लगेच कळलं. तिचा जन्म तलावावर मासे धरण्यात गेला. तिच्या लेखी तलाव आटला, माशांचं नवं बीज सोडलं, आता मासे मोठे होईपर्यंत जाळं टाकायचं नाही. आमच्या गावात असं जाळं टाकणाऱ्याला दंड होतो.

आणि इथे जाळं टाकायला दर सोमवारी मोटारसायकलवर लॅबवाला यायचा. दोन चमचेच तर रक्त नेतो, असं मी सांगून पाहिलं. दोनच मासे म्हणत म्हणत लोकांनी अख्खा तलाव खाल्लेला तिने पाहिला होता.

तिसऱ्या सोमवारचा रिपोर्ट आला, त्यात पांढऱ्या पेशी एकदम ठणठणीत. डॉक्टरांनी बुधवारी बोलावलं. मी गाणं गुणगुणत बॅग भरू लागले. अंगणात मासे साफ करताना आईचा पदर सरकला आणि कोपराच्या खळीत चिकटवलेला कापसाचा बोळा दिसला.

लॅबवाला त्या सोमवारी नवा होता. मी झोपले होते. पेशंट कोण, असं त्याने विचारलं आणि आईने हात पुढे केला.

"माह्याच पोटची हायेस ना तू," ती म्हणाली. "मंग तुह्यं रक्त कायले काढाचं? माह्यं न्या म्हटलं."

मी इतकी भडकले की शेजारीण चूल सोडून धावत आली. त्या रिपोर्टवर शेक घेतले असते तर मी मेले असते, असं बोलून गेले. आईने साफ झालेला मासा पुन्हा घासायला घेतला. फोनवर सगळं ऐकून डॉक्टर आधी हसले, मग रागावले. शेवटी म्हणाले, या रिपोर्टप्रमाणे आईचं हिमोग्लोबिन कमी आहे, तिला गोळ्या सुरू करा.

मासे किती वाढले ते बघायला मच्छीमारांची सोसायटीही मधूनमधून जाळं टाकते, याची मी तिला आठवण करून दिली. ते मासे परत पाण्यात सोडतात, ती म्हणाली. तरी पुढच्या सोमवारपासून सुई टोचताना माझा हात तीच धरायची.

दोन आठवड्यांनी पेशी खरंच वर आल्या. एक सोमवार वाचवला म्हणून, असं तिचं ठाम मत. मी वाद घातला नाही. माझ्या स्वभावाला हे नवीन होतं.

पुढच्या शेकांसाठी नागपूरला जायला ऑटोत बसताना तिने विचारलं, आता पुन्हा आटणार का? आटणार, मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

तिने डबा माझ्या बॅगेत कोंबला. "आटू दे. गाळात लपून बीज खानारा मांगूर मासा काढाले तलाव उपसाच लागते. आपन पुन्हा बीज सोडू."