डास माणसं मोजून चावतो

अक्का गावात नेहमी उलट्या बाजूने शिरायच्या. आधी वर सड्यावरच्या, कातळपठारावरच्या शेवटच्या घरात, मग खाली. "रस्त्याकडची माणसं आपली आपण येतात हो. वरच्यांकडे आपण जायचं," म्हणायच्या. त्या आमच्या आरोग्य केंद्राच्या नर्सबाई, मी तिथला कारकून.

परदेशी संस्थेने मच्छरदाण्या पाठवल्या, तेव्हा नियम घरटी एक असा होता. पाहणीला आलेल्या साहेबांना अक्कांनी विचारलं, "साहेब, डास घरं मोजून चावतो काय? माणसं मोजून चावतो. खाली बंगल्यात दोन म्हातारी, वर बौद्धवाडीच्या शेवटच्या घरात नऊ डोकी." साहेब म्हणाले, "जगभर हाच नियम आहे." "मग जगभर चुकलंय," म्हणत अक्कांनी चहा पुढे केला. कप संपेपर्यंत मोठ्या घरांना दोन-दोन मंजूर झाल्या.

वाटप माझ्याकडे. त्या शेवटच्या घरातली सुगंधा पोटुशी होती. तिच्यासाठीची दुसरी मच्छरदाणी मी घरी नेली. आता सांगतोच, आंबापोळीसाठी नेली. वाळत घातलेल्या पोळीवर माश्या फार बसत.

तिसऱ्या दिवशी अक्का अंगणात उभ्या. निळ्या जाळीत ऐसपैस निजलेली पोळी बघत म्हणाल्या, "भाऊ, आंब्याला हिवताप येतो वाटतं?"

"अक्का, माश्या..."

"कितवा महिना लागलाय पोळीला?"

मी जाळीच्या गाठी सोडायला लागलो. "धुवा, आणि स्वतः नेऊन बांधा," एवढंच बोलल्या.

कितीही घासली तरी रस सुटेना. सडा चढताना मुंग्या माझ्या सदऱ्यात. सुगंधाच्या सासूने जाळी हुंगली. "भाऊ, आंब्याचा वास कसा हो?"

"औषध आहे. बाहेरच्या देशातलं."

"बरं आहे हो औषध!"

पण सुगंधा आत तापाने फणफणली होती. अक्कांनी येऊन रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी आंबापोळीला हात लावला नाही. हिवताप नव्हता. पुढे मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

निवृत्त होऊन लेकीकडे जाताना, निरोपसमारंभात अक्का म्हणाल्या, "आमच्या भाऊंनी सडा चढून, शेवटच्या घरात स्वतःच्या हाताने मच्छरदाणी बांधली." टाळ्या पडल्या. अक्का माझ्याकडे बघून गोड हसल्या. मी उठून नमस्कारसुद्धा केला.

तेव्हापासून माझी प्रत्येक यादी शेवटच्या घरापासून सुरू होते. वरिष्ठ तिला माझी पद्धत म्हणतात. पद्धत अक्कांची. माझी फक्त चोरी होती.