नोवी पाझारची माफी

भाई कोणतीही वस्तू हातात घेण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेराने टक् टक् करत आणि कान लावून ऐकत. कलिंगड असो, गाडीचं दार असो, नाहीतर कुणी प्रेमाने दिलेला बिस्किटांचा डबा. "आतून काय आहे, कोण सांगतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वोल्फ्सबुर्गजवळच्या मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ते आणि मी तपासणी खात्यात होतो. भाईंनी नापास केलेल्या भागांची रांग लावली, तर ती समुद्र ओलांडून श्रीवर्धनला त्यांच्या अंगणात जाऊन थांबेल, आणि तिथे त्यांची बायको ती पुन्हा तपासेल.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पण आमचे भाई म्हणजे शिखर. खाटकाकडे गेले की बोकडाची अशी चौकशी करत, की त्या बोकडाने नगरपालिकेत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, केली होती का, एवढंच विचारायचं बाकी राही. रमजानचा चांद मशिदीने जाहीर केला तरी त्यांना तो पटत नसे. दुर्बीण घेऊन पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर चढत. एका वर्षी समोरच्या बाईने पोलीस बोलावले. दोन पोलीस वर आले आणि अर्धा तास खाली उतरलेच नाहीत. मी जाऊन पाहिलं, तर भाईंच्या हाताला धरून ते दोघेही आभाळात चांद शोधत होते. आणखी दहा मिनिटं मिळाली असती, तर दोघांनी दुसऱ्या दिवशीचा रोजा धरला असता.

तर अशा या माणसाने चार वर्षांपूर्वी, ऐन रमजानात, कँटीनबाहेर मला गाठलं. "मिरजकर, सुट्टी टाक. गाडीने जायचं. बोस्निया, सर्बिया, जमलं तर पुढे तुर्कस्तानात एदिर्ने. जुना उस्मानी मुलूख बघू. पूल, मशिदी, हमाम."

हानोवरला जायचं तर हा माणूस तीन आठवडे आधीपासून टायर तपासतो. आणि रोज्यात दोन हजार किलोमीटर? पूल बघायला?

आमचा तिसरा भिडू रियाज, लातूरचा, संगणकवाला. त्याने ऐकल्या ऐकल्या निकाल दिला. "आल्झो, म्हणजे बाई आहे."

"अरे, त्यांचं वय काय!"

"म्हणून तर पूल बघायला चाललेत."

आम्ही दोघे निघालो ते खरं सांगायचं तर पुलांसाठी नाही, पाळत ठेवायला.

प्रवासभर भाईंनी संशय घ्यायचं काम एकट्याच्या खांद्यावर घेतलं होतं. ऑस्ट्रियात त्यांना पेट्रोलच्या वासात खोट दिसली. क्रोएशियात जी.पी.एस.वाली बाई खोटं बोलते म्हणून तिचा आवाज बंद केला. साराजेव्होत आम्ही तिघे टेकडीवरच्या बुरुजावर इफ्तारला बसलो. सगळं शहर तिथे लोटलं होतं, मांडीवर गरम गोल पाव घेऊन. सूर्य बुडाला, तोफ उडाली, खाली शंभर मिनारांवर एकदम दिवे लागले. भाईंनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "चाळीस सेकंद आधी उडाली," म्हणाले, आणि चाळीस सेकंद हातात खजूर धरून बसले.

पण त्यांचं स्वतःचं वागणं? प्रत्येक गावात मगरिबची नमाज झाली की "आलोच हां" म्हणून हा माणूस गायब. त्राव्निकमध्ये गायब. साराजेव्होत गायब. तिथे आम्ही मागे गेलो. मशिदीच्या अंगणात कारंज्याच्या आड मी, माझ्या आड रियाज. भाई एका पांढऱ्या दाढीच्या माणसाला फोटो दाखवत होते. त्याने मान हलवली. मग दुसऱ्याला. त्यानेही. तिसऱ्याने मात्र फोटो हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि बोट दक्षिणेकडे केलं.

"पळून गेली असणार ती," रियाज माझ्या कानात पुटपुटला. "सापडली आता."

दुसऱ्या दिवशी भाई म्हणाले, एदिर्ने राहू दे, नोवी पाझारला जाऊ. सर्बियातलं मुसलमानांचं गाव आहे, हमाम चांगला आहे. हमाम! आंघोळीसाठी सहा तास घाट! मला राहवलं नाही. पेट्रोल भरायला ते उतरले तसा मी समोरचा कप्पा उघडला. फोटो होता. बाई नव्हती. आमच्याच कारखान्यातली पंधरा-वीस माणसं, निळे कोट, मध्यभागी झुपकेदार मिशांचा एक आडवा गडी.

भाई परत आले. फोटो माझ्या हातात. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी गाडी चालूच केली नाही.

"हा माझा माइस्टर," ते म्हणाले. "मी नवा आलो तेव्हा खात्याचा मुख्य हाच. मोजमाप मला यानेच शिकवलं."

मग जे सांगितलं ते त्यांनी स्टिअरिंगकडे बघत सांगितलं. तेव्हाही रमजानच होता. मोजमापाचा एक पोलादी ठोकळा हरवला. बोटाएवढा, पण त्याच्यावर सगळ्या खात्याची मापं अवलंबून. भाईंनी माइस्टरच्या पिशवीत काहीतरी चकाकताना पाहिलं होतं. ते जाऊन साहेबाला सांगितलं. चाळीस माणसांसमोर माइस्टरची पिशवी टेबलावर उलटी केली. आतून खजूर पडले, फडक्यात बांधलेला पाव पडला आणि स्टीलचा एक छोटा डबा. इफ्तारचं सामान. माइस्टरने खाली वाकून एक एक खजूर उचलला. नंतर कधी कुणाबरोबर जेवायला बसला नाही, आणि वर्षभरात नोकरी सोडून 'खाली' गेला. या बाल्कन मुलखातला माणूस गावी परतला की जर्मनीत 'खाली गेला' म्हणतात. खाली म्हणजे कुठे, ते कुणी विचारत नाही.

"आणि ठोकळा?" रियाजने विचारलं.

"पुढच्या थंडीत माझ्याच कोटाच्या अस्तरात सापडला. खिसा फाटका होता. मी गुपचूप खणात ठेवून दिला."

मग भाईच म्हणाले, "नमाज चुकली, रोजा चुकला, ते अल्ला बघून घेईल. पण माणसाचं मन दुखवलं, तर त्या माणसानेच माफ करावं लागतं. तिथे अल्लासुद्धा मध्ये पडत नाही. लॉकर आवरताना हा फोटो निघाला, तेव्हापासून झोप नाही रे मिरजकर."

दुसरी बायको निघाली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

नोवी पाझारमध्ये घर सापडायला वेळ लागला नाही. मिशा पांढऱ्या झालेल्या, पण माणूस तोच, दारापेक्षा रुंद. भाई फाटकातच उभे राहिले आणि पाठ केलेलं भाषण जर्मनमध्ये सुरू केलं. ठोकळा, कोट, अस्तर, खिसा. एकही गोष्ट गाळली नाही.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आधी जेवण."

आत टेबलाला सहा खुर्च्या होत्या. एकीच्या पाठीवर त्याचा स्वेटर. बाकीच्यांच्या बैठकीवरची धूळ त्याने आमच्यासाठी बाहीने पुसली. मुलगे स्टुटगार्टला असतात, एवढंच म्हणाला. अजान झाली. भाजी घातलेलं सूप, खिम्याच्या छोट्या छोट्या कचोऱ्या आणि सुक्या आलुबुखाऱ्याचं सरबत. मला वाटलं, आता भाई मांसाची चौकशी करणार. भाईंनी मान खाली घातली आणि समोर आलं ते सगळं खाल्लं.

जेवण झालं. भाईंनी पुन्हा विचारलं, "माइस्टर, मला माफ केलंत?"

"नाही," म्हातारा म्हणाला.

रियाजने सरबताचा पेला खाली ठेवला.

"एकदा येऊन मागितली की देऊन टाकायची? इतकी स्वस्त नाही माझी इज्जत. पुढच्या रमजानला ये. तेव्हा बघू." आणि त्याने भाईंच्या ताटात आणखी चार कचोऱ्या वाढल्या.

परतीच्या वाटेवर भाईंनी ऑस्ट्रियात पेट्रोल भरलं. मग म्हणाले, "हट्टी आहे."

पुढच्या वर्षी भाई एकटेच गेले. आठ दिवसांनी आले ते आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याची बरणी घेऊन. "काय झालं?" "नाही केली." त्याच्या पुढच्या वर्षी दोन बरण्या. "नाही केली. म्हणतो, तुझं जर्मन अजून खराब आहे, नीट कळेल असं माग." मी म्हटलं, अहो भाई, हा म्हातारा तुम्हाला बनवतोय. भाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ठोकळा चोरला होता. डिसेंबर उजाडला की ते गाडीचे टायर तपासायला लागायचे. रिटायर झाले, श्रीवर्धनला कायमचं जायचं ठरलं होतं, ते दरवर्षी पुढे ढकललं. भाभी फोनवर मला विचारायच्या, "खरं सांगा भाऊजी, तिकडे कोण आहे?" मी सांगायचो, मिशा आहेत हो त्याला. त्यांना काही ते पटलं नाही.

यंदा रमजान चार दिवसांवर आला असताना, शनिवारी सकाळी भाईंनी माझी बेल वाजवली. तोंड उतरलेलं.

"माइस्टरचा फोन होता. माफ केलं म्हणाला."

"मुबारक हो भाई! अहो, मग असं तोंड काय?"

"गप बस. मी मागितली होती का? अजून रमजान लागायचाय. चार वर्षं नाही म्हणणारा माणूस आपणहून फोन करतो, आणि 'तू आता यायची गरज नाही' म्हणतो? आवाज कसा बारीक होता. काहीतरी लपवतोय, मिरजकर."

जन्मभर भाईंचे संशय ऐकून मी हसत आलो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

दुपारी बारापर्यंत गाडी भरून झाली होती. आठ दिवसांच्या सामानाला एक बॅग पुरते. भाईंनी मागची सीट पाडून अंथरूण, प्रेशर कुकर आणि तांदळाची दहा किलोची पिशवी घेतली होती. मी काचेवर वाकून विचारलं, "परत कधी येणार?"

"त्याने माफी परत घेतली की."

आज एकोणिसावा रोजा. मी रोज इफ्तारनंतर फोन लावतो. मागे भांड्यांचा आवाज येतो, खोकला येतो, आणि कुणीतरी थकल्या आवाजात भाईंना जर्मनमधून रागावत असतं. काल विचारलं, "घेतली का परत?"

"नाही घेत," भाई म्हणाले. "पण आज दोन चमचे सूप घेतलं."