परै म्हणजे सांगणे

"उदाहरण हवं ना? ते पाहा. व्हरांड्यात बसून शिवतं आहे."

हेडमास्तरांनी छडी खिडकीबाहेर काढली आणि माझ्यावर रोखली. वर्गातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. माझ्या हातात सुई होती. मांडीवर एका फाटक्या पुस्तकाची सुटी पानं.

"पराया," हेडमास्तर म्हणाले. "इंग्रजी शब्द, पण जन्म आपल्या मुलखातला, परैयर जातीच्या नावातला. अर्थ, ज्याला कुणी शिवत नाही तो. टाकलेला. लिहून घ्या."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, मराठीतलं पराया म्हणतायत. परकी. म्हटलं, खरंच आहे, इथं मी परकीच. मग मुलं हसली, आणि माझ्याकडे बघत बघत वह्यांत लिहायला लागली. बघायचं, लिहायचं. पुन्हा बघायचं. चित्र काढताना भांड्याकडे बघतात तसं.

मी शिवत होते. मला कुणी शिवत नव्हतं. अर्थ बरोबर होता.

शेजारी अप्पा बसले होते, माझे वडील. ते धडपडत उठले, खिडकीपासून चार हात लांब उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, आम्ही परैयर नव्हे वो. आम्ही राजाच्या पागेतले. जिनं शिवणारे."

हेडमास्तर हसले. "साहेबाच्या डिक्शनरीत एवढा बारीक फरक नसतो रे."

पुन्हा हशा. त्यांनी ती जाडजूड डिक्शनरी छातीशी धरली होती. तिला वासराच्या कातड्याची बांधणी होती. ते कातडं अप्पांनी कमावलेल्यांतून निवडलेलं, मी घासलेलं, आम्ही दोघांनी चढवलेलं. मेलेलं वासरू त्यांना छातीशी चालत होतं. मी चार हात लांब.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते.

आमची माणसं मराठी फौजेबरोबर तंजावुरात आली. हेडमास्तरांचीही तशीच आली. त्यांचे आजे राजाच्या कचेरीत लिहीत, माझे आजे पागेत जिनं शिवत. एकाच वाटेनं आलो, एकाच राजाचं मीठ खाल्लं, घरात एकच भाषा बोललो. मग राजा वारला, पुत्र नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. कचेरीतल्यांना नवी कचेरी मिळाली, नवी भाषा मिळाली. पागेतले घोडे विकले गेले. घोडाच नाही तर जीन कुणासाठी शिवायचं? आजोबांनी सुई तीच ठेवली आणि पुस्तकं शिवायला घेतली. इंग्रजांना पुस्तकांना कातडं लागतं.

त्या वर्षी शाळेच्या कपाटांना वाळवी लागली होती. पुस्तकं बाहेर न्यायची नाहीत असा हुकूम होता, म्हणून आम्ही मागच्या व्हरांड्यात बसून बांधणी करायचो. शाळेच्या विहिरीला हात लावायचा नाही. पाणी घरून न्यायचं. झालेलं पुस्तक उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचं, मग शिपाई येऊन उचलायचा.

अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पण पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी नाव उठवायला पितळी अक्षरं लागतात. ती लाकडी खोक्यात असायची, प्रत्येक अक्षराचा वेगळा कप्पा. अक्षर निखाऱ्यावर तापवायचं, सोन्याच्या वर्खावर दाबायचं. लहानपणापासून ती शोधून देणं माझं काम. मला सव्वीस अक्षरं ठाऊक होती, वजनासकट. त्यांचा आवाज तेवढा ठाऊक नव्हता.

तो खिडकीतून आला. दर शनिवारी हेडमास्तर शब्दांचा तास घ्यायचे. त्यांचं म्हणणं, शब्द पाठ करू नका, शब्दाचा बाप शोधा, म्हणजे तो विसरायचा नाही. शिकवायचे मात्र झकास. हे मी आजही नाकारत नाही. आधी मोठ्यानं एकेक अक्षर सांगायचे, मग अर्थ, मग उगम, आणि समजावताना अर्धं तमिळ, अर्धं मराठी. एके दिवशी म्हणाले, साहेब जो चिरूट ओढतो तो आपला सुरुट्टू. साहेब किनाऱ्यावर ज्याला कॅटमरान म्हणतो ते आपलं कट्टुमरम, बांधलेली लाकडं. मुलांनी बाकं बडवली. आपले शब्द साहेबाच्या पुस्तकात! बाहेर मलाही हसू फुटलं. मी पितळी अक्षरं फरशीवर मांडून सुरुट्टू लावला. अप्पांनी एकदा बघितलं आणि पुढचा टाका घातला.

दुसऱ्या शनिवारी शब्द आला व्हिलन. म्हणजे दुष्ट, नीच. मूळ अर्थ, शेतावर राबणारा. मुलांनी विचारलं, राबणारा नीच कसा झाला? हेडमास्तर म्हणाले, "भाषा अशीच बदलते." एवढंच. माझी सुई थांबली. आपोआप कशी बदलेल? राबणारा स्वतःला नीच म्हणाला असेल का? म्हणणारा कुणीतरी दुसरा असणार, आणि लिहिणंही त्याच्याच हातात असणार.

त्यानंतरच्या शनिवारी मी उदाहरण झाले.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितली नाही तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. त्या दिवशी मला राग आला तो हेडमास्तरांचा नाही. मला परैयर म्हटलं, याचा आला. आम्ही त्यांच्यापेक्षा वरचे आणि मला त्यांच्यात बसवलं, याचा. हेडमास्तरांनी मला जे केलं ते मी आणि माझी आई रोज दुसऱ्या कुणाला करत होतो, आणि ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

ती दुसरी म्हणजे मुनियम्मा. गावाबाहेरच्या परैयरांच्या वस्तीतून, चेरीतून, ती आमच्याकडे कमावलेली कातडी घेऊन यायची. ती अंगणाबाहेर गठ्ठा टाकायची, आई त्यावर पाणी शिंपडायची, मग आम्ही उचलायचो. तिचा नवरा परै वाजवायचा. परै म्हणजे त्यांचा चामड्याचा डफ.

दोन दिवसांनी ती आली आणि मी तिच्यावर ओरडले. "तुमच्यामुळे मला सगळ्या शाळेसमोर पराया म्हणाले! इंग्रजीत शिवी झालंय तुमचं नाव!"

मुनियम्मानं गठ्ठा खाली ठेवला. चिडली नाही. विचारलं, "काय अर्थ सांगितला?"

मी सांगितला.

"चूक," ती म्हणाली. "परै म्हणजे डफ हे खरं. पण परै म्हणजे सांगणं. जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. पूर आला, शत्रू आला, राजाचा हुकूम आला, गावाला सांगायचं कुणी? आम्ही. सांगणारे ते परैयर. तुझ्या मास्तराला हे कुणी सांगितलं नाही?"

मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "अर्थ कळला ना? मग ये. माझ्या हातचं पाणी पी." तिनं कमरेची पोचे आलेली घागर पुढं केली.

माझा हात उठला नाही. अर्थ डोक्यात शिरला होता, हात तिथंच होता. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग घागर कमरेला लावून निघून गेली. त्या दिवशी गठ्ठ्यावर पाणी मी शिंपडलं नाही. आईनं शिंपडलं. मी बघत राहिले.

महिन्याभरानं इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. गोरे, घामेजलेले, खिशात नोंदवही. तोवर निम्म्या कपाटांतली पुस्तकं बांधून झाली होती. शेवटची उंबऱ्यावर ठेवून आम्ही मागं सरत होतो, तेवढ्यात हेडमास्तरांनी हाक मारली. "थांब गे पोरी. तिथंच उभी राहा. दारात."

मला वाटलं, बांधणी दाखवतील. अप्पांनाही तेच वाटलं. त्यांनी माझ्या ओढणीचा पदर नीट केला.

हेडमास्तरांनी साहेबांसमोर शब्दांचा तास घेतला. चिरूट झाला, कॅटमरान झालं, साहेब खूष. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलाला उभं केलं. "पराया?" मुलानं घडाघडा अर्थ सांगितला. "उदाहरण?" मुलानं बोट माझ्याकडे केलं. पाठ होतं त्याला.

साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नोंदवहीत काहीतरी लिहिलं.

त्या लिहिण्यानं माझं डोकं फिरलं. आता हे पुस्तकात जाणार. पुस्तकात गेलं की खरं होणार.

मी बोलले. मराठीत बोलले, मग तमिळमध्ये, माझा आवाज फाटत होता. "अर्थ चुकला. परै म्हणजे सांगणं. परैयर म्हणजे सांगणारे. टाकलेला हा अर्थ टाकणाऱ्यांनी घातला. आणि शब्दाचा बाप शोधायचा म्हणता, तर तोही सांगा ना! कुणी घातला ते सांगा!"

साहेबांनी विचारलं, ही काय म्हणते?

हेडमास्तर हसले. शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "ती आपल्याला आशीर्वाद देते आहे, सर."

तेवढं इंग्रजी मला कळत होतं. त्यांनीच शिकवलं होतं, खिडकीतून.

साहेबांनी हात कपाळाला लावून माझे आभार मानले.

"नो," मी म्हणाले. "नो, सर. ही लाय."

हे खोटं सांगतायत, असं म्हणायचं होतं, व्याकरण चुकलं. साहेबांना कळलं मात्र. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तरांचा चेहरा विटेसारखा झाला होता. एक क्षण मला खरंच वाटलं, हा दूरदेशीचा माणूस आता विचारेल. पुन्हा विचारेल, खरं काय म्हणाली?

साहेबांनी नोंदवही मिटली. घड्याळ काढलं. "पुढचा वर्ग," ते म्हणाले.

एवढंच. माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य घड्याळाखाली गेलं.

मी वळले तर अप्पा अंगणात पालथे पडले होते. हात पुढं, कपाळ धुळीत, हेडमास्तरांच्या दिशेनं. मला त्यांच्याकडे बघवेना. हेडमास्तर पायरीवर येऊन म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. दुसरा माणूस बघतो." अप्पा तसेच पडून राहिले. मी त्यांना उठवायला गेले तर त्यांनी माझा हात झिडकारला.

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "तुला खरं बोलायचं होतं. बोललीस. आता सगळ्यांनी काय खायचं, तेही सांग." अप्पांची ती अवस्था मी केली, हे ओझं मी उतरवलेलं नाही. पण मी बोलायला नको होतं, असं मात्र एकदाही म्हणणार नाही.

मी त्याच संध्याकाळी चेरीत गेले. रस्ता विचारत गेले, कारण इतक्या वर्षांत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मुनियम्मा दारात भात पाखडत होती. शाळेतली बातमी तिच्या कानावर आली होती. मी म्हणाले, "पाणी दे." तिनं दिलं. मी प्यायले. वाटलं होतं, ती जवळ घेईल. ती म्हणाली, "महिना लागला तुला. मास्तराला एका दिवसात बदलायला निघाली होतीस." आणि पाखडत राहिली.

पुढं मिशनच्या बाईंनी मला मुलींच्या शाळेत घेतलं. तिथं बायबल होतं, शिवण होतं आणि डिक्शनरी होती. शिवण मला येतच होतं. मी डिक्शनरी धरली. एकेका शब्दाच्या मागं जायचं वेड लागलं. कास्ट हा शब्द पोर्तुगीजांचा निघाला, आणि त्याच्या मागं लॅटिनमध्ये शुद्ध असा अर्थ सापडला. मी तो शोधला त्या दिवशी माझ्याच वर्गात, त्याच मिशनच्या छपराखाली, चेरीतल्या मुलींची चटई वेगळी होती. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हळूहळू होईल. त्यांच्या पुस्तकात देव एकच होता, चटया दोन.

आज मी शिक्षिका आहे. गावातल्याच एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. शब्दाचा उगम सांगितल्याशिवाय शब्द शिकवत नाही. हेडमास्तरांचीच रीत, पण एक प्रश्न मी त्यात घातला आहे. हा शब्द कोण कुणाला म्हणालं? मुली आधी गोंधळतात. मग स्वतःच विचारायला लागतात. घरी जाऊन आजीला विचारतात, आई मार खाते तो कुठल्या शब्दासाठी ते विचारतात. पालक तक्रार घेऊन येतात. येऊ देत.

गेल्या सोमवारी चेरीतून एक मुलगी आली, नऊ वर्षांची. मी तिला पुढच्या बाकावर बसवलं. मंगळवारी निम्मा वर्ग रिकामा. बुधवारी पाच बाप आले. त्यांतला एक माझ्या चुलतबहिणीचा नवरा, आमच्याच जातीचा, पुस्तकं बांधणाऱ्याचा मुलगा. तोच सगळ्यांत मोठ्यानं बोलला. "अक्का, ती मागं चटईवर बसली तर आमची हरकत नाही. पुढं बसली तर आमच्या मुली येणार नाहीत. आम्ही काय परैयर आहोत?"

मी त्याला विचारलं, "परैयर म्हणजे काय?"

तो म्हणाला, "ते सगळ्यांना माहीत आहे."

शाळेच्या चालकांनी काल मला बोलावलं. तेही म्हणाले, हळूहळू होईल. सोमवारपर्यंत चटई घाला, नाहीतर राजीनामा द्या.

मी चटई घालणार नाही. राजीनामाही देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी मला काढावं, कागदावर कारण लिहून काढावं, आणि त्या कारणाखाली स्वतःचं नाव घालावं. सोमवारी ती मुलगी पुढच्या बाकावर बसेल. बाकीची बाकं रिकामी असतील तर असोत. मी एकटीला शिकवीन, दारं उघडी ठेवून, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.