उघडी राहिलेली काळी चौकट

कपाट आवरताना आज टॅगांची जुनी माहितीपुस्तिका सापडली. पानांना अजून शाईचा वास होता, आणि शाहूपुरीतला दस्तगीरचाचांचा छापखाना समोर उभा राहिला.

तिथं मी संगणकावर अक्षरजुळणी शिकत होते. पुस्तिका इंग्रजीत, मी शहाणी, नुसते नमुने बघून टॅग, म्हणजे मजकूर कसा छापायचा हे संगणकाला सांगणाऱ्या खुणा, टाकायची. एकदा निधनाच्या कार्डासाठी काळ्या चौकटीचा टॅग उघडला आणि मजकूर संपल्यावर बंदच केला नाही. त्याच फाईलीत खाली एक लग्नपत्रिका होती. प्रूफ न बघता मी दोन्ही छापायला दिली.

मुलीचे वडील मंगळवार पेठेतून पत्रिका न्यायला आले. वरचीच पत्रिका उचलून तिच्याभोवतीच्या काळ्या चौकटीवर अंगठा फिरवत राहिले.

"ही रेघ तेवढी पुसता येती का बघा की," एवढंच म्हणाले.

चाचा पुढं झाले. "माझ्या हातनं झालंय, पावणं. दुसऱ्या छापून देतो."

ते गेल्यावर चाचांनी पुस्तिकेतल्या एका ओळीवर बोट ठेवलं: बंद करेपर्यंत हा टॅग चालूच राहतो.

आता मी टॅग उघडला की आधी तो बंद करते, मग मधे मजकूर लिहिते. पण त्या पत्रिकेवरचं 'चि. सौ. कां. सुनीता' हे नाव मला अजून त्या चौकटीतच दिसतं. ती कशी आहे, हे विचारायला मी मंगळवार पेठेत कधीच गेले नाही.