न पिणाऱ्यांच्या घरचा पब

आक्काने विचारलं तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. दाजी बाहेरच्या खोलीत फोनवर नव्या एसीच्या वायरमनला फैलावर घेत होते. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ न वळवता म्हणाली, "आज संध्याकाळी तिथं जाऊन बस. बिअर पिऊन बघ. आणि मला खरं सांग, ते चालणार हाय का न्हाय."

माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून 'बिअर' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी पितो हे तिला ठाऊक होतं. कुरुंदवाडला आमच्या घरीही ठाऊक होतं. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याचं एवढं चालायचंच, अशी घरच्यांनी समजूत करून घेतली होती. त्यावर बोलत मात्र कुणी नसे.

"सोमवारी राजीनामा देणार म्हणतोय," ती म्हणाली.

राजीनामा देणार होता तो माझा भाचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो नुकताच पर्मनंट झाला होता. कंपनीची बस नाक्यावर यायची आणि त्या बसमुळे मुलींची स्थळंही येऊ लागली होती. आता रजा टाकून तो वडिलांच्या परमिट रूमचा पब करण्यात गुंतला होता. पब सुरू होऊन आठवडा झाला होता, रजा संपत आली होती आणि त्याला परत जायचं नव्हतं. पब चालणार असेल तर आक्का आडवी येणार नव्हती. चालणार नसेल तर तिला ते सोमवारच्या आत कळायला हवं होतं. स्वतः जाऊन बघणं तिला शक्य नव्हतं. ज्या धंद्यावर हे घर उभं राहिलं, तिथं घरातल्या बाईने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"त्या दोघांनाच विचार की," मी म्हणालो.

"काय विचारू? बापानं कधी थेंब तोंडाला लावलाय का लेकानं?"

हे खरं होतं. आम्ही लिंगायत, दारू वर्ज्य. दाजी रोज सकाळी पूजा करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून परमिट रूम उघडायला जात. नव्वदच्या सुमाराला त्यांनी तो परवाना मिळवला. तेव्हापासून इतकी वर्षं दारू विकली, चाखली नाही. कुणी टोमणा मारला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "औषधाच्या दुकानदारानं काय सगळ्या गोळ्या खाऊन बघायच्या?"

भाचाही तसाच वाढला. त्यामुळे बिअरची चव कळणारा त्या घरात मी एकटाच होतो.

दाजींची जुनी परमिट रूम मला माहीत होती, पण गिऱ्हाईक म्हणून मी तिथं कधी बसलो नव्हतो. मेहुण्याच्या दुकानात बसून पिणं आमच्याकडे शोभत नाही. स्टँडामागच्या गल्लीत एक लांबट, अंधारी जागा. प्लायवूडच्या खोल्या, त्यांना पडदे, वर लाल झिरो बल्ब. लोक चपला टेबलाखाली सारून रेक्झिनच्या बाकावर मांडी घालून बसत. वेटर बाटली आणून गिऱ्हाइकापुढे धरी, गिऱ्हाईक तिला पालथा हात लावून गारवा बघे आणि मान हलवी. मग बूच निघे.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते सगळं गेलं होतं. रस्त्याच्या बाजूला पूर्ण काच बसवली होती. आत उंच स्टुलं, जांभळा उजेड, भिंतीवर मोठ्या पडद्याचा टीव्ही. दाजी मात्र दाराशेजारी आपल्या जुन्याच लाकडी खुर्चीत, कपाळावर विभूती, हात मांडीवर, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे अवघडून बसले होते.

"या पावणं," ते म्हणाले आणि लगेच नजर रस्त्याकडे वळवली. मी कशाला आलोय हे त्यांना कळलं असावं.

मी स्टुलावर चढलो. पाय जमिनीला टेकत नव्हते. काचेतून रस्त्यावरची माणसं दिसत होती, म्हणजे त्यांना मीही दिसत होतो. समोरच्या केळीवाल्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात भाचा आला. त्याने कंपनीच्या रजेचा पुरेपूर उपयोग केला होता. डोळे तांबारले होते, दाढी वाढली होती.

"मामा, ड्राफ्ट घ्या, नळाची बिअर. कोल्हापुरात अशी कुठं मिळत न्हाय."

काउंटरवर पितळी नळ होता. त्याने ग्लास नळाखाली सरळ धरला आणि अर्धा ग्लास फेसाने भरून माझ्यापुढे ठेवला. त्याचा चेहरा समाधानी होता. हा फेस कुठून आला ते मला कळलं. आमच्याकडे रात्री दूध कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात देतात. ग्लासावर फेसाचा डोंगर असेल तर दूध खरं. भाचा लहानपणापासून हेच बघत आला होता.

मी ग्लास उचलला नाही. भाचा समोरच उभा होता. ज्याच्या जावळाला मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो, त्याने माझ्यापुढे दारू ठेवली होती आणि मी ती कधी पितो याची तो वाट बघत होता.

पलीकडच्या टेबलावर उद्यमनगरातले दोन कारखानदार बसले होते. जुनी गिऱ्हाइकं. त्यांच्यातल्या जाड्याने हाक मारली, "मालक, ह्यात कोथिंबीर तेवढी टाक की."

"काय झालं, काका?"

"ताक दिलंयस न्हवं? मग मीठ-कोथिंबीर नको?"

दोघे हसले. भाचाही हसला. "फेस जास्त झाला व्हय? काढतो की."

"फेस र्‍हाऊ दे. आमाला आपली बाटली आण. आणि हातात दे, गार हाय का बघू दे."

भाच्याने बाटली नेऊन दिली. परत येऊन मला हळूच म्हणाला, "सवय न्हाय अजून लोकांना. पहिला ग्लास ड्राफ्टचा घेत्यात, मग बाटलीच मागत्यात."

मी पहिला घोट घेतला. बिअर बर्फासारखी होती, त्यामुळे लगेच काही कळलं नाही. दुसऱ्या घोटाला जिभेच्या कडांना आंबट लागलं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास होता. तिसरा घोट मी उगाचच घेतला, चूक माझीच होत असेल तर बरं म्हणून. माझी चूक होत नव्हती.

"कशी हाय?" भाच्याने विचारलं.

"गार आहे."

"गार हाय ते मलाबी कळतंय मामा, ग्लासाला हात लावला की. चव कशी हाय?"

टीव्हीचा आवाज मोठा होता, तरी मी दाजींकडे पाहिलं. ते रस्त्याकडेच बघत होते.

"आंबलीय," मी म्हणालो.

त्याला पटलं नाही. पटायला त्याला बिअरची चवच ठाऊक नव्हती. नळाला हे बिअरचं बॅरल कधी जोडलंस, असं मी विचारलं, तर ते पहिल्या दिवशीचंच होतं, खपत नव्हतं म्हणून बदललं नव्हतं. नळी कशी धुतोस, तर साध्या पाण्याने. कंपनीच्या माणसाने पावडर दिली होती, ती न वापरता तशीच पडून होती, कारण पाण्याने धुतलेली नळी त्याला स्वच्छ दिसत होती. बोलता बोलता त्याचा रंग उतरत गेला. आठवडाभर लोक पहिल्या ग्लासानंतर बाटली का मागत होते, हे त्याच्या लक्षात येत होतं.

"कुणी सांगितलं कसं न्हाय?"

"त्या काकांनी मघाशी सांगितलं की. ताक म्हणाले."

भाच्याने नळाकडे पाहिलं. त्याच्या वडिलांचा धंदा बाटलीचा होता. बाटलीला बूच असतं, आतल्या मालाची जबाबदारी कारखान्याची. नळाला बूच नव्हतं. नळातून काय येतंय हे विकणाऱ्यालाच कळायला हवं होतं.

"मग कळायचं कसं?" त्याने विचारलं.

"रोज उघडण्याआधी एक घोट घेऊन बघायचा."

"मी?"

त्याने दाराशेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मग फडकं उचललं आणि कोरडाच काउंटर पुसू लागला.

रात्री मी आक्काला जे पाहिलं ते क्रमाने सांगितलं. जागा चांगली आहे. काचेमुळे जुने काही लोक तुटतील, नवे येतील. स्टुलं उंच आहेत, निम्मी बदलावीत. बिअर आंबली आहे, पण तो दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. शेवटी घोटाचं सांगितलं.

"रोज?"

"रोज. तोंडात घेऊन थुंकून टाकायचा. गिळायचं नाही."

बाहेर दाजींच्या चपलांचा आवाज आला तशी ती पुढे सरकली. "तू रोज जाशील?" ती म्हणाली. "ऑफिसला जायच्या आधी. तू पितोसच की."

मी हो म्हणालो. सोमवारी भाच्याने राजीनामा दिला.

त्यानंतर रोज दुपारी, पब उघडण्याआधी, मी जात असे. एक घोट तोंडात फिरवायचा, बेसिनमध्ये टाकायचा, चूळ भरून ऑफिस गाठायचं. भाचा समोर उभा राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत असे. मी मान हलवली की तो खुर्च्या मांडायला घेई. पावडर, नळी, बॅरल, सगळं तो शिकला. ग्लास तिरपा धरायलाही शिकला. पावसाळा संपेपर्यंत शनिवारी जागा मिळेनाशी झाली. ते दोघे कारखानदार काचेला लागून असलेलं टेबल आधी सांगून ठेवू लागले.

मग निवडणुका आल्या आणि मला दौऱ्यावर जावं लागलं. परत आलो त्या दुपारी नळाजवळ नवं बॅरल जोडलेलं होतं.

"हे कधी बदललंस?"

"परवा. आंबट लागत होती," भाचा म्हणाला आणि ग्लास उजेडात धरून बघू लागला.

खुर्चीत दाजी होते. त्यांनी ऐकलं. थोड्या वेळाने उठून बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले.

मी भाच्याच्या हातातला ग्लास घेतला. नेहमीप्रमाणे घोट घेतला. बिअर उत्तम होती.

संध्याकाळी ऑफिसात आक्काचा फोन आला. मागे संपादकांची खोली, समोर डेस्कवरची मंडळी.

"तू गावाला गेलतास. मग कुणी बघितलं?"

"बॅरल बदललेलं होतं," मी म्हणालो.

"ते न्हाय विचारलं मी. त्याच्या तोंडाला वास येतोय का?"

"मला तर नाही आला."

"मला येतोय," ती म्हणाली. "तू गावाला गेल्यापास्नं रोज येतोय."

शेजारचा उपसंपादक फोन मोकळा व्हायची वाट बघत उभा होता.

"कागलला तुझ्या ओळखीचं कोण हाय का बघ," आक्का म्हणाली. "त्याला कामावर परत घेत असतील तर."