आधी बोलणं, मग वाघ

मोहर्लीत पाहुण्यांना वाघ दिसला की आमचं नेट मेलंच म्हणून समजा. सकाळच्या सफारीच्या जिप्सी परतल्या, की माझ्या लॉजमधले सगळे बूटही न काढता वायफायवर तुटून पडतात. वाघ समोरून, वाघ मागून, वाघाची नुसती शेपटी. सगळं तेव्हाच्या तेव्हा घरी पाठवायचं असतं. जंगलाच्या कडेला आलेली ती लाइन, तिचा जीव तो केवढा!

आणि नेमकी त्याच वेळेला माझ्या लेकीची नर्सच्या नोकरीची मुलाखत होती, व्हिडिओवर. आधीच्या एका मुलाखतीत तिचं अर्धं बोलणं पलीकडे पोचलंच नव्हतं. त्यानंतर ती किती तरी दिवस धड जेवली नाही. या खेपेला मी देवाला हात जोडले, बाबा, आज कोणालाच वाघ दिसू देऊ नकोस. मोहर्लीत लॉज चालवणाऱ्या बाईनं असलं मागणं मागावं! देवालाही हसू आलं असेल.

आदल्या दिवशी मी चंद्रपूरहून नेटवाल्या भाऊंना बोलावून घेतलं होतं. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे. मी म्हटलं, "भाऊ, उद्या तेवढा वेळ पाहुण्यांचं नेट बंदच करून टाका ना."

"बंद काऊन करता, बाई? त्याहीचंबी जाऊ द्या, मांगून." लॅपटॉपवर राउटरची सेटिंग उघडून ते बोलत होते. "लाइन तेवढीच राहीन. आंधी कोन जाईन, तेवढं ठरवून देऊन राह्यलो. फोटो थांबला तं मांगून पुरा पोचते. बोलणं थांबलं तं वाया गेलं."

मला तो माणूस तिथेच आवडला. मी सरळ दार लावायला निघाले होते. त्यांनी कोणालाही उपाशी न ठेवता नुसती पंगत लावली, लेकरं आधी, मोठे मागून. मग मला एक लांबलचक व्हिडिओ पाठवायला लावला आणि स्वतः आतल्या खोलीतल्या लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलत बसले. माझा व्हिडिओ रखडला, पण तिचा आवाज एकदाही तुटला नाही. काय सुंदर काम!

दुसऱ्या दिवशी वाघीण दिसली, तीही बछड्यांसकट. झालं! अंगणात एकच गलका. "ताई, जातच नाही हो!" एक पाहुणे सारखे म्हणत होते. पाहुण्याला कधी नाही न म्हणणारी मी, त्या दिवशी म्हणाले, "जाईल दादा, सगळं जाईल. आधी माझ्या लेकीची मुलाखत होऊ द्या." ते ओशाळले आणि बाकीच्यांनाही हळू बोला म्हणू लागले.

नोकरी लागली, पेढे वाटले, ते सगळं नंतरचं. त्या वेळी मी बंद दारापाशी उभी होते. आतून तिचा आवाज येत होता, सलग, शांत, एकेक मुद्दा सांगत. पाहुण्यांच्या हाकांपायी घरात तिचं बोलणं मी कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. किती छान बोलते माझी पोर!